नारायणगावचा फड आणि पॅरिसचा ऑपेरा

भीमाशंकरचा डोंगर उतरून मंचरमार्गे नारायणगावला आलं, की चैत्राच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या दिसतात. गावोगावचे कारभारी यात्रेची सुपारी द्यायला इथे येतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनी या गावाचं नाव महाराष्ट्रभर नेलं.

फडाचा खेळ म्हणजे भरगच्च संगीतनाट्यच. आधी गण, मग गवळण. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवतात, गौळणींची मावशी पुढे होऊन हुज्जत घालते. ढोलकी कडाडते, झीलकरी मागून ओळ उचलतात. मग वग, म्हणजे सोंगाड्याच्या जबाबांनी रंगणारी नाट्यकथा.

असंच भव्य संगीतनाट्य परक्या मुलखात कसं टिकलं, ते पाहा. फ्रान्सचे संगीतकार एक्तॉर बर्लिओझ यांनी १८५६ ते १८५८ या काळात ट्रॉयच्या पुराणकथेवर ‘ले त्रॉयें’ हा भव्य ऑपेरा रचला. १८६३ मध्ये पॅरिसला त्याचा उत्तरार्धच रंगला, तोही काटछाट होऊन. १८६९ मध्ये बर्लिओझ गेले. शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, कॉलिन डेव्हिस यांनी लंडनमध्ये तो अखंड सादर केला आणि संपूर्ण ध्वनिमुद्रितही केला. हे जमलं, कारण प्रत्येक वाद्याचा सूर कागदावर होता.

वगाचं तसं नाही. सोंगाड्याचं उत्तर त्या रात्रीच्या गर्दीवर ठरतं. म्हणून जाणत्या कलावंतांचा अख्खा खेळ, गणापासून वगापर्यंत, सलग ध्वनिमुद्रित व्हायला हवा; सुट्या लावण्या पुरत नाहीत. आणि एक मायक्रोफोन प्रेक्षकांकडेही वळवावा, सोंगाड्याच्या जबाबाला रंग तिथूनच चढतो.