खाणीचा ढिगारा आणि पावसाचें पाणी

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा तलावाच्या बांधावर पावसाळ्यांत फिरावयास गेलेला मनुष्य बहुधा पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहूं लागलें, कीं त्यास समाधान वाटतें. परंतु मातीचा बांध राखणारा जाणता माणूस पाण्याकडे पाठ करून बांधाच्या पायथ्याकडे पाहतो. तेथें पाझर आहे काय, आणि असल्यास तो स्वच्छ आहे कीं गढूळ, हें तो तपासतो. स्वच्छ, बेताचा पाझर चालतो. गढूळ पाझर म्हणजे आंतील माती वाहून चालल्याची वर्दी होय.

हीच दृष्टि घेऊन चंद्रपूर व वणीकडील कोळशाच्या खाणींकडे पाहावें. तेथें उघड्या खाणींतून कोळसा काढण्यापूर्वीं वरची काळी माती, चिकणमाती व वाळूचा दगड उकरून बाजूस टाकावा लागतो. त्याचे डोंगराएवढे ढिगारे होतात. बांध थरावर थर देऊन, धुम्मस करून उभारतात; ढिगारा मात्र मालमोटारींतून नुसता ओतला जातो. त्यामुळें तो सैल असतो आणि पावसाचें पाणी सहज पितो.

खळ्यावरची जोंधळ्याची रास एका ठराविक उतारावर स्थिर होते. दाण्यास दाणा घासून धरून ठेवतो, म्हणून ती टिकते. ढिगाऱ्याचेंही तसेंच आहे. पण कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरल्या व पाण्यास वाट मिळाली नाहीं, तर तें पाणी कणांना एकमेकांपासून दूर लोटतें. घर्षण कमी होतें, वजन मात्र वाढतें. तळाशीं काळी माती तशीच राहिली असेल, तर ती भिजून निसरडी होते, आणि वरचा सारा भार तिच्यावरून घसरूं लागतो.

या उपेक्षेची किंमत वेल्समधील ॲबरफॅन गांवानें मोजली. तेथील सातव्या क्रमांकाचा ढिगारा १९५८ पासून डोंगरावरील झऱ्यावरच रचला जात होता. शाळेच्या मागें ओल्या गाळाचा धोका आहे, असें स्थानिक अभियंत्यानें १९६३ मध्यें लेखी कळविलें होतें. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं, वर्ग नुकतेच भरले असतां, तो ढिगारा पातळ चिखलासारखा खालीं आला. १४४ माणसें मृत्यु पावलीं. त्यांत ११६ मुलें होतीं. चौकशी मंडळानें १९६७ मध्यें राष्ट्रीय कोळसा मंडळावर दोष ठेवला. तरीहि उरलेले ढिगारे हलविण्याच्या खर्चांत दीड लक्ष पौंड मदतनिधींतून घेण्यांत आले. ती रक्कम १९९७ सालीं परत मिळाली.

भारतांतही २९ डिसेंबर २०१६ रोजीं झारखंडांतील राजमहाल खाणींत माती कोसळून २३ कामगार दगावले. तो महिना पावसाचा नव्हता. तेव्हां पाणी हें एकमेव कारण नव्हे, उंची, उतार व पायाही तितकेच महत्त्वाचे, हें ध्यानीं धरावें.

उपाय मात्र अगम्य नाहींत. झरा, ओढा वा दलदल असलेली जागा प्रथमच टाळावी. तळाची काळी माती खरवडून काढावी आणि तेथें मोठे दगड घालावे, म्हणजे आंतील पाणी निचरून जाईल. ढिगाऱ्याच्या वरच्या अंगास चर खणून डोंगरावरचें पाणी बाहेरच्या बाहेर वळवावें. माथा व पायऱ्या यांना असा उतार द्यावा कीं त्यांवर डबकीं साचूं नयेत. भारतांतील नियमांप्रमाणें उतार ३७.५ अंशांहून अधिक असूं नये, तीस मीटरांहून उंच ढिगाऱ्यास पायऱ्या पाडाव्या, आणि एकंदर उतार एकास दीड याहून खडा नसावा. पायथ्याशीं दगडी भिंत व गाळ बसण्यासाठीं खड्डे असावे. शेवटीं गवत व झाडें लावावीं. पण नुसती झाडें लावून आंतील पाणी निघत नाहीं, हें विसरूं नये.

आणि हें सारें केल्यावरही नित्य पाहणी हवीच. माथ्यावर नवी भेग पडली, पायथा फुगला, किंवा एरवीं स्वच्छ येणारें पाणी गढूळ झालें, तर काम थांबवून माणसें दूर न्यावीं. ढिगारा बहुधा आधीं सूचना देतो. ॲबरफॅनमध्यें तर माणसांनींही दिली होती. कळंब्याच्या बांधाचा पायथा पाहणारी नजर प्रत्येक खाणीपाशीं असावी, आणि त्या नजरेनें दिलेली वर्दी ऐकणारे कानही असावे.