घाटमाथा आणि खोरे : बालाघाटातील सायकल-सहल

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळा, गिरणी आणि आठवड्याचा बाजार एवढ्याच वाटा येतात. आता घरोघर मोटारसायकली आल्या आणि सायकल तेवढी मुलांकडे उरली. तीच सायकल घेऊन दोन दिवस नुसते हिंडायला निघतो म्हटले, तर घरातली म्हातारी विचारील, "का रे बाबा, रानात काही हरवलंय का?" तिला सांगा, हरवलेले काही नाही, आपला मुलूख कसा उतरतो ते बघायला चाललो आहे.

उदाहरणाला आपले नांदूरघाट घेऊ. केज तालुक्यातले हे गाव बालाघाटाच्या डोंगरपठारावर आहे. या मुलखात खोरे आणि माळ एकाआड एक येतात. खोऱ्यात काळी जमीन, ऊस, विहिरी. जरा वर चढलात की मुरमाड बरड, कुसळीचे गवत, सीताफळीची झुडपे. आणि चढ तरी कसा? सरळ नव्हे, पायऱ्यापायऱ्यांचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचले. त्यांतले काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजले, टणक उभे राहिले. म्हणून थोडा वेळ छातीवर येणारा चढ, मग सपाटी, मग पुन्हा चढ. एस. टी.त बसलेल्या माणसाला हे कळत नाही. सायकलवाल्याच्या मांड्यांना बरोबर कळते.

आता मुख्य गोष्ट. अशा मुलखात सहलीची वाट रस्त्याच्या नकाशावरून ठरवू नये, पाण्यावरून ठरवावी. पाणी कुठून कुठे जाते हे आधी पाहावे. केज तालुक्याचे बहुतेक पाणी मांजरेला मिळते. ही मांजरा आपल्याच जिल्ह्यात, पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावते, धाराशिव जिल्ह्याच्या शिवेवरून पूर्वेला जाते, आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा वळसा घेऊन तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीला मिळते. पण घाटमाथ्याच्या उत्तरेच्या काठावर पडलेला पाऊस बिंदुसरेत आणि सिंदफणेत जातो, आणि माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरी गाठतो. म्हणजे एकाच माळावर हातभर अंतराने पडलेले दोन थेंब. एक जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गंगेला लागतो, दुसरा कर्नाटक-तेलंगण फिरून येतो. गुरुजींनी हे फळ्यावर कितीही वेळा काढून दाखवले, तरी मुलगा स्वतः पायडल मारून त्या काठावर जाऊन उभा राहिला, की मग ते विसरत नाही.

तेव्हा नवख्यांनी पहिली सहल खोऱ्याची करावी. नांदूरघाटाहून केज, आणि केजहून मांजरेच्या अंगाने धनेगावचे धरण. जाताना एकंदर कल उताराचा, म्हणून मुले खूष असतात. येताना तोच रस्ता चढाचा होतो, हे निघतानाच सांगून ठेवावे, आणि परतीला दीडपट वेळ धरावा. धरणाच्या बांधावर मुलांना एक गोष्ट अवश्य सांगा. २०१६ च्या उन्हाळ्यात हा जलाशय कोरडा पडला होता, आणि याच पाण्यावर जगणाऱ्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या माळांवरून आपण सायकल हाकत आलो, त्याच माळांवरचे पाणी इथे यायचे असते. ते का आले नाही, किती पडले, किती वाटेत अडले, किती उसाला गेले, याचा हिशोब वर्गात जाऊन मांडावा. शिक्षकाला आठवडाभराचा भूगोल मिळतो.

दुसरी सहल घाटमाथ्याची. ही मांजरसुंब्याच्या बाजूला. इथे एकंदर चढ आहे, आणि माळावर वारा अडवायला काही नाही. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तोंडावर येतो. दिवाळीनंतर बहुधा पूर्वेकडचा असतो, तो पाठीशी घ्यावा. हल्ली या उंचवट्यांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांचे तोंड ज्या दिशेला, तिकडून वारा. सायकलवाल्याला यापेक्षा चांगला निशाणदार कोण मिळणार! मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आणि धबधबा आहे; पावसाळा सरता सरता जावे. मात्र मांजरसुंब्याहून बीडकडे जो घाट उतरतो, तो सोलापूर-धुळे महामार्ग. मुलांची रांग त्या घाटात घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. घाटाच्या अलीकडे, रस्त्यापासून दूर उभे राहून खालची बिंदुसरेची बाजू पाहावी आणि परत फिरावे.

धारूरचेही तसेच. केजहून धारूरला जावे, किल्ला पाहावा, तटावरून खालच्या दऱ्या पाहाव्यात. हंगाम असला तर रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या दिसतील. या मुरमाड उतारावर पाणी ठरत नाही, आणि सीताफळीला तेच मानवते. पण धारूरच्या पुढे तेलगावकडे उतरणारा घाट वळणांचा आहे. गळीत सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच रस्त्यांनी चालतात. कित्येकांच्या मागे दिवा नसतो. अंधार पडण्याच्या आत मुक्कामी पोहोचलेच पाहिजे. यात सवलत नाही.

उताराबद्दल इतके का बजावतो, ते हिशोबाने सांगतो. मुलगा आणि सायकल मिळून ८० किलो धरा, आणि चढ दीडशे मीटर उंचीचा. एवढे चढायला जे काम होते, ते बारा मीटर खोल विहिरीतून दहा लिटरच्या शंभर बादल्या शेंदण्याइतके. चढताना ते आपण तासाभरात, घाम गाळून करतो. उतरताना तेवढीच शक्ती पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. ती जायची कुठे? थोडी वाऱ्यात, बाकी सगळी ब्रेकच्या रबरांत. रबर झिजलेले असेल, रिम ओली असेल, तर ती शक्ती मुलाच्या अंगावर येते. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक सायकलचे चारही रबर बोटाने चाचपून पाहावे. नुसते "ब्रेक लागतात ना?" असे विचारू नये, मुले होच म्हणतात. उतारावर मागचा ब्रेक आधी, मग पुढचा हलका. दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. एकट्या पुढच्या ब्रेकवर करकचून दाब दिला तर माणूस हँडलावरून पुढे जातो. दोन सायकलींत वीस पावलांचे अंतर. सर्वांत पुढे गुरुजी, त्यांच्यापुढे कुणी जायचे नाही. सर्वांत मागे एखादा शांत डोक्याचा थोरला मुलगा. आणि ज्याला भीती वाटते त्याने उतरून सायकल हाती धरून चालावे. त्याला कुणी हसले तर हसणाऱ्याला पुढच्या सहलीला नेऊ नये.

चढासाठी एक सोय सांगतो. साध्या सायकलला पुढे ४८ आणि मागे १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेतीनच्या आसपास फिरते. चढावर हे जड जाते. मिस्त्रीकडून मागे २२ दातांचे फ्रीव्हील बसवून घेतले तर चाक सव्वादोनहून थोडे कमी फिरते, पण पाय चालत राहतो. सपाटीवर जरा मागे पडाल, पडू द्या.

सामान फार नको. पंप, ठिगळे, सोल्युशन, कानस, दोन पाने, आणि माणशी दोन लिटर पाणी, कारण माळावर कोसभर विहीर भेटत नाही. पंक्चर इथे खिळ्याने होत नाही तितके सराट्याने आणि बाभळीच्या काट्याने होते, म्हणून विसाव्याला सायकल रस्त्याखाली गवतात लोटू नका, उचलून न्या. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा मोडून राहिला नाही ना ते पाहा, नाहीतर अर्ध्या कोसावर पुन्हा तेच. शिदोरीला भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ. भाद्रपद संपताना किंवा कार्तिकात निघा. चैत्र-वैशाखात माळावर मुलांना नेऊ नका. पहिल्या दिवशी तीस किलोमीटर पुष्कळ झाले. मुक्काम वाटेतल्या शाळेत मागावा, तिथल्या गुरुजींना आठ दिवस आधी कळवावे, आणि संध्याकाळी गावातल्या जाणत्या माणसाला बोलावून मुलांनी एवढेच विचारावे, "आबा, या ओढ्याचं पाणी पूर्वी किती दिवस वाहायचं?" उत्तर वहीत तारखेसकट लिहून घ्यावे.