बोटीवरचा बटलर आणि आपण



आजचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना हसू आले असेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. केडगावकरांचे पाणी म्हणजे मुठेचा कालवा आणि पलीकडे भीमेचे पात्र. समुद्र राहिला घाटाखाली. तेव्हा सफरीच्या बोटीवर भारी दालनात उतरलेल्या उतारूने आपल्या दिमतीच्या बटलरकडून सेवा कशी करवून घ्यावी, याची उठाठेव येथे कशाला? परंतु या मंडपातील दोन प्रकारच्या माणसांना हा विषय आज ना उद्या भेटणार आहे. एक, ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांना एकसष्टीच्या निमित्ताने ‘आईबाबा, या खेपेस बोटीने जाऊ’ असा आग्रह होतो. दुसरे, ज्यांच्या घरचा तरुण हॉटेलचे शिक्षण घेऊन त्याच बोटीवर नोकरीस लागतो. एक सेवा घेणार, दुसरा देणार. म्हणून आम्ही हा विषय घेतला.

शिवाय केडगावाला समुद्रपर्यटन अगदीच परके नाही. ज्यांच्या मुक्ति मिशनमुळे हे नाव सातासमुद्रापलीकडे गेले, त्या पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा बरोबर दोन वर्षांची मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत होत्या. बाई शाकाहारी, आणि बोट गोऱ्या लोकांच्या खाण्यापिण्याची. त्या प्रवासाची हकीकत त्यांनी मराठीत लिहिली आणि ती ‘इंग्लंडचा प्रवास’ या नावाने त्याच वर्षी छापली गेली. पुढे १८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियासही जाऊन आल्या. बटलरची चैन त्यांच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. पण बोटीवर आपल्याला काय चालते नि काय चालत नाही, हे दुसऱ्याला स्पष्ट सांगण्याची वेळ शाकाहारी माणसावर तेव्हाही येई आणि आजही येते.

आणि ऐकणारा माणूस तरी कोण असे? पुष्कळदा आपल्याच किनाऱ्याचा. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर कामाची वाटणी जणू ठरूनच गेली होती. डेकवर बहुधा कोकण-गुजरातकडचे खलाशी, खाली इंजिनाच्या आगीपाशी पंजाब-सरहद्दीकडचे लोक, आणि जेवणघर नि केबिनी गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात हे गोवेकर मुंबईत धोबीतलाव, माझगाव या बाजूंस ‘कूड’ नावाच्या गावकीच्या बिऱ्हाडांत उतरत, आपली ट्रंक तेथे ठेवीत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. साहेबाच्या बंगल्यातला बटलरही पुष्कळदा गोवेकरच. ‘बटलर’ हा शब्द मुळात बाटल्या सांभाळणाऱ्याचा, म्हणजे मद्याच्या कोठीवरच्या माणसाचा. आपल्याकडे येईपर्यंत तो घरातल्या साऱ्या नोकरांचा मुकादम झाला, आणि बोटीवर गेल्यावर एका उतारूचा खाजगी कारभारी झाला.

आता आजच्या बोटीकडे वळू. सूट म्हणजे निजण्याची आणि बसण्याची जागा वेगळी असलेले दालन. सिल्व्हरसी कंपनीच्या बोटींवर अशा प्रत्येक दालनाला बटलर असतो. क्यूनार्डच्या बोटींवर तो ‘क्वीन्स ग्रिल’ या सर्वांत वरच्या वर्गापुरता, तर एम.एस.सी.च्या मोठ्या बोटींवर ‘यॉट क्लब’ नावाच्या राखीव भागापुरता असतो. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा-लक्षद्वीपकडे फेऱ्या करू लागली. कोठल्याही बोटीचे तिकीट काढताना आपल्या भाड्यात कोणती सेवा येते, ते लेखी विचारून घ्यावे. ‘सूट आहे म्हणजे बटलर असणारच’ हे गृहीत धरू नये.

हा बटलर तुमच्या पेट्या उघडून कपडे कपाटात लावील, इस्त्री करून आणील, बुटांना पॉलिश करील. सकाळची न्याहरी दालनातच टेबल मांडून वाढील, दुपारी खाऊची ताटली आणील. पण आमच्या मते ही त्याची किरकोळ कामे होत. त्याचा खरा उपयोग असा की, बोटीच्या हजार कारभारांत तो तुमचा वकील असतो. भोजनगृहातील जागा, किनाऱ्यावरील सहलींची नोंदणी, बिलातील गोंधळ, थंड पडलेली खोली, गुडघेदुखीसाठी न्हाणीघरात हवे असलेले स्टूल, या साऱ्यांसाठी तुम्ही दहा खिडक्यांशी रांगा लावाव्यात, की एका माणसास एकदा सांगावे? जे त्याला केवळ चहाचा पोऱ्या समजतात, ते भाडे पालखीचे देतात आणि चालतात पायी.

मात्र सांगावे लागते, आणि ते वेळेवर. आपल्या भागात गुऱ्हाळावर जाणाऱ्यास हे शिकविण्याची गरज नाही. ज्याला रस प्यायचा आहे त्याने चरकापाशी विचारावे. काहिलीत रस कढून गूळ होऊ लागल्यावर गुळव्यापाशी तांब्या घेऊन उभे राहण्यात अर्थ नाही. बोटीचे तसेच आहे. तिची कोठी बंदरात भरते. कांदा-लसूण चालत नाही, उपास आहे, मधुमेह आहे, हे तिकिटाच्या वेळीच, निघण्याच्या कित्येक आठवडे आधी कळवावे, आणि पहिल्या दिवशी बटलर ओळख करून देण्यास येईल तेव्हा पुन्हा सांगावे. भर समुद्रात तो कढीपत्ता कोठून आणणार? चहाचेही तसेच. स्वतःची किटली किंवा इस्त्री केबिनीत लावण्यास बहुतेक बोटींवर मनाई असते, कारण समुद्रावर आगीइतके भय कशाचेच नाही. तेव्हा दूध घालून उकळलेला, आले ठेचलेला चहा कसा करतात ते त्याला एकदा नीट समजावून द्यावे. तो वहीत लिहून घेईल. भिडेखातर चार दिवस कोमट पाण्यात बुडविलेली पुडी पीत बसून मग घरी येऊन बोटीच्या नावाने बोटे मोडण्यात काय हशील?

ही भीड हाच आमच्या मते मुख्य अडसर आहे. आणि तिची दुसरी बाजू म्हणजे अरेरावी. आम्ही एका सफरीत एक वयस्क जोडपे पाहिले. गृहस्थ सकाळपासून घंटी वाजवीत: वर्तमानपत्र आणा, उशी बदला, हे न्या, ते ठेवा. बाई मात्र पहाटे उठून स्वतःच चादरी घडी करून ठेवीत, कपबश्या विसळीत, कारण ‘परका माणूस येऊन आपले उष्टे कसे उचलील?’ बटलर फिलिपिनो, तरुण, मोठा चाणाक्ष. तिसऱ्या दिवशी त्याने त्यांच्या मुलामार्फत बाईंना विचारले, ‘आपल्याला चहा किती वाजता आणू?’ बाईंना उत्तर सुचेना. चाळीस वर्षे त्यांनी चहा सर्वांचा झाल्यावर घेतला होता. त्याला वाजणे असे नव्हतेच. शेवटी त्या म्हणाल्या, ‘यांच्या आधी.’ मुलगा हसला. गृहस्थ हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून सहाच्या ठोक्याला बाईंचा चहा बाल्कनीत येऊ लागला आणि त्या तेथे शाल पांघरून एकट्याच समुद्र पाहत बसू लागल्या. आमच्यातील जे पुरुष अभिमानाने सांगतात की ‘आम्हांला बुवा नोकरचाकर लागत नाहीत’, त्यांच्या घरी बिनपगारी बटलर किती वर्षे राबतो आहे, याचा हिशेब त्यांनीच करावा. त्या सफरीत साऱ्या भाड्याचे चीज कोठे झाले असेल तर त्या सहाच्या चहात झाले, असे आम्हांस वाटते.

आता दुसऱ्या बाजूचे. बटलरच्या नोकरीचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा. तितके दिवस घर नाही, सण नाही. त्याच्याकडे तुमचेच एक दालन असते असेही नाही. २००६ चा जो आंतरराष्ट्रीय सागरी श्रमकरार आहे, जो आपल्या देशाने २०१५ साली मान्य केला, त्यात नाविकाला चोवीस तासांत निदान १० तास आणि सात दिवसांत निदान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे असे ठरले आहे. किनाऱ्यावरच्या आठ तासांच्या नोकरीशी हे ताडून पाहा! तेव्हा रात्री अकराला भूक लागली तर खाण्याची सोय दुसरा कोणी करील; आपला बटलर दुपारी दिसला नाही म्हणून वरिष्ठांकडे तक्रार नेऊ नये. दिवसाची मोठी कामे त्याला सकाळीच एकत्र सांगितली की त्याच्या चार खेपा वाचतात आणि तुमचे काम चोख होते. काही गोष्टी मात्र त्याच्या हातच्या नाहीत. निघण्याच्या वेळची संकटकाळची कवायत त्यालाही चुकत नाही नि तुम्हालाही. आणि किनाऱ्यावर आपले आपण हिंडताना उशीर झाला, तर बटलर कितीही जीव लावणारा असला तरी कप्तान बोट थांबवीत नाही.

राहिली बक्षिशी. पुष्कळ कंपन्या सेवाशुल्क म्हणून दर माणशी दर दिवशी रक्कम बिलात घालतात. २०२५ च्या सुमारास ती मोठ्या अमेरिकी बोटींवर साधारण १६ ते २५ डॉलरांच्या दरम्यान होती. काही कंपन्यांत ती भाड्यातच धरलेली असते, आणि काही ठिकाणी बटलरला वेगळी द्यावी अशी अपेक्षा असते. हे आधी विचारले म्हणजे शेवटच्या रात्री पाकीट हातात घेऊन नवराबायकोत कुजबूज करावी लागत नाही. आमचे मत विचाराल तर, वेगळे द्यायचे असेल तेव्हा काही भाग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यावा. घरचा चिवडा किंवा लाडूचा डबा द्यावयाचा असेल तर बंद पाकिटातला द्यावा. तो घेणे त्याच्या नियमांत बसते का, हेही विचारावे.

आणि एक. उतरण्यापूर्वी कंपनी अभिप्रायाचा कागद देते किंवा मागाहून टपालाने नाहीतर फोनवर पाठविते. तो आपण बहुधा तसाच सोडून देतो. त्या कागदावर नाव आलेल्या माणसाचे काम वरिष्ठांच्या नजरेस येते, आणि पुढच्या कराराच्या वेळी ते त्याच्या कामी येऊ शकते. ‘बटलर चांगला होता’ एवढे लिहून भागत नाही. त्याचे पूर्ण नाव, दालनाचा क्रमांक आणि त्याने कोणते काम केले ते लिहावे. नावाची अक्षरे त्याच्याकडूनच विचारून घ्यावीत.