दप्तराची झडती आणि मुलाची अब्रू

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाचे गुणगान करणारे पुष्कळ वक्ते आपणांस लाभले आहेत. आम्ही मात्र आज एका लहानशा वस्तूविषयी बोलण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे मुलाचे दप्तर.

प्रथम आमच्याच अपराधाची कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेची व्यवस्था आमच्याकडे असताना सहलीसाठी जमविलेले पैसे वर्गातून नाहीसे झाले. रागाच्या भरात आम्ही झाडून साऱ्या मुलांना दप्तरे बाकावर पालथी करावयास लाविली. पैसे मिळाले नाहीत. एका मुलाच्या दप्तरातून मात्र रुमालात बांधलेल्या औषधाच्या गोळ्या पडल्या. त्यास फेफऱ्याची व्यथा होती, आणि ती वर्गात कोणास कळू नये म्हणून आईने ती गाठ बांधून दिली होती. आम्ही सर्वांदेखत विचारले. त्याला सर्वांदेखत सांगावे लागले. सायंकाळी ते पैसे शिक्षकांच्याच हजेरीपुस्तकात सापडले; परंतु तो मुलगा पुन्हा त्या शाळेत आला नाही. आम्ही त्याच्या घरी क्षमा मागण्यास गेलो. आईने पाणी दिले, क्षमाही केली. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

पवित्र शास्त्रातही एक झडती वर्णिली आहे. उत्पत्तीच्या ४४ व्या अध्यायात योसेफाचा कारभारी थोरल्यापासून धाकट्यापर्यंत भावांच्या गोण्या तपासतो व रुप्याचा प्याला बन्यामीनाच्या गोणीत निघतो. प्याला सापडला, पण चोर सापडला नाही. कारण योसेफाच्याच आज्ञेने तो तेथे ठेविला होता.

कोणी म्हणेल, “फादर, उद्या एखाद्याने चाकू किंवा अमली पदार्थ आणिला तर आम्ही हात जोडून बसावे काय?” मुळीच नाही. शंभर मुलांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला कधी झडती घ्यावीच लागेल. प्रश्न एवढाच की, कोणत्या कारणाने आणि कोठवर? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली न्यू जर्सी येथील एका विद्यार्थिनीच्या खटल्यात हेच दोन प्रश्न घातले. संशयास वाजवी आधार हवा, आणि झडती त्या कारणाच्या मानानेच हवी. पुढे ॲरिझोना राज्यात २००३ साली वेदनाशामक गोळ्यांच्या संशयावरून तेरा वर्षांच्या एका मुलीची अंतर्वस्त्रांपर्यंत झडती घेण्यात आली. काहीही सापडले नाही. २००९ साली त्याच न्यायालयाने निवाडा दिला की, दप्तर पाहणे वावगे नव्हते, परंतु अंतर्वस्त्रांपर्यंत जाणे राज्यघटनेविरुद्ध होते.

हे दूरदेशीचे झाले असे समजू नये. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे, एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याची फिर्याद पालकांनी केली व मुख्याध्यापिकेस अटक झाली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे एकमताने सांगितले आहे. बालकाच्या खाजगी जीवनास संरक्षण देणारा बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार पवित्र पीठाने १९९० साली व भारताने १९९२ साली स्वीकारला.

ख्रिस्तसभेला तर ही गोष्ट नवी नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा २२० वा नियम कोणाच्याही नावलौकिकास व खाजगीपणास अन्यायाने धक्का लावण्यास मनाई करितो. सेमिनरीत आम्ही आणखी एक नियम शिकलो. उमेदवारास गुरुदीक्षा द्यावी की नाही हे ठरविताना, त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे वा पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारावयाचे नसते. एवढ्या गंभीर निर्णयासाठीदेखील जी ख्रिस्तसभा अंतःकरणाचे दार बळेच उघडीत नाही, तिच्या लेकरांनी दहा वर्षांच्या मुलाचे दप्तर चव्हाट्यावर ओतावे काय?

म्हणून शिक्षकहो, आमची विनंती ऐका. एकावर संशय असता साऱ्या वर्गास चोर ठरवू नका. आधी मुलास एकीकडे बोलावून प्रेमाने विचारा. पाहणेच भाग पडले तर दुसऱ्या जबाबदार शिक्षकासमक्ष, इतर मुलांच्या दृष्टीआड पाहा, पालकांस कळवा, आणि अंगाला हात लावू नका. जीवास धोका वाटला तर पालकांस व पोलिसांस बोलवा. शोधीत नव्हता असे काही दिसले, तर ते तुमच्या ओठांबाहेर जाऊ नये.

आणि मातापित्यांनो, मुलाची रोजनिशी व त्याचा मोबाइल हेही त्याचे दप्तरच होय. त्यावर लक्ष ठेवणे तुमचे कर्तव्य आहे. परंतु लक्ष ठेवितो हे त्याला सांगून ठेवा, चोरपावलांनी नव्हे. ज्या घरात मूल आपण होऊन सांगते, तेथे झडतीची पाळी क्वचित येते.

तो मुलगा आज मोठा झाला असेल. आम्ही मिस्साबलिदानात अद्याप त्याचे स्मरण करितो. आपल्या शाळेतून अशा रीतीने एकही मूल घरी परत जाऊ नये, हीच या महोत्सवी वर्षी प्रभुचरणी आमची प्रार्थना. लहानग्यांना जवळ घेणारा प्रभू येशू ख्रिस्त आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.