यंत्राची नजर आणि वैद्याचा विवेक



आपल्या समाजातील जे तरुण आज रुग्णसेवेत आहेत, त्यांच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी दोन मते आम्हांस आढळतात : कोणी तीस साहाय्यक मानतात, कोणी धास्तावतात. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाची चिन्हे संगणकाकडून शोधून घेण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. पंधरा वर्षे व त्यांवरील वयाच्या माणसांसाठी ती आहे. बीडसारख्या जिल्ह्यात हे साहाय्य मोलाचेच होय. परंतु ऊसतोडीस परमुलखी गेलेल्या रुग्णाची औषधे मध्येच तुटतील, ही चिंता यंत्रास नसते. ती परिचारिकेसच असते. ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनास येथेच चौकशी करावी लागली, हे आम्ही कसे विसरावे? यंत्राचा सल्ला अवश्य घ्यावा. निर्णयाचे उत्तरदायित्व मात्र त्यावर ढकलू नये, एवढीच आमची विनंती आहे.