तुटलेला मज्जारज्जू: नुसत्या स्टेम सेल का पुरत नाहीत?



के. आर. पुरमच्या लोकांना २०२३ साल आठवत असेल. मार्चमध्ये व्हाइटफील्डपासून इथपर्यंत मेट्रो आली. पलीकडे बैयप्पनहळ्ळीपासून शहरात ती आधीच धावत होती. मधले जेमतेम दोन किलोमीटर राहिले होते, आणि तेवढ्यासाठी खाली उतरून बस धरावी लागे. ऑक्टोबरमध्ये तो तुकडा जोडला गेला, तेव्हा कुठे गाडी सलग धावू लागली.

अपघातात मज्जारज्जू दुखावलेल्या माणसाचं असंच असतं. मेंदू शाबूत, पायाचे स्नायू शाबूत. मधला थोडासा मार्ग तुटलेला.

हाताची नस तुटली तर सर्जन ती शिवतात आणि ती दिवसाला साधारण १ मिलीमीटर वाढते. मज्जारज्जूत तसं होत नाही. तिथे जखमेभोवती व्रण तयार होतो, आणि त्यातली काही रसायनं तंतूंना पुढे येऊच देत नाहीत. शिवाय वाढीला चालना देणारी प्रथिनंही तिथे पुरेशी नसतात. असं एक प्रथिन रीटा लेव्ही-मोन्ताल्चिनी यांनी शोधलं आणि त्यासाठी त्यांना १९८६ चं नोबेल विभागून मिळालं.

मग स्टेम सेल टोचल्या तर? प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की टोचलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा लवकरच मरतात. जखमेत सूज असते, रक्तपुरवठा तुटलेला असतो. ज्या जगतात, त्यांतल्याही पुष्कळ चेतापेशी न होता नुसत्या आधारपेशी होतात. आणि वाढीची प्रथिनं इंजेक्शनने दिली तर ती फार टिकत नाहीत. मुरमाड जमिनीत रोप खोचून भागत नाही. खड्डा, शेणखत, आळं सगळं लागतं.

इथे औषध पोहोचवण्याचं शास्त्र कामाला येतं. गुडघा खरचटल्यावर रक्त गोठतं, ते फायब्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळ्यामुळे. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शेली साकियामा-एल्बर्ट यांच्या गटाने त्याच फायब्रिनचं मऊ जेल घेतलं. त्यात हेपॅरिनच्या मदतीने वाढीची दोन प्रथिनं अडकवली, म्हणजे ती एकदम वाहून न जाता हळूहळू सुटतील, आणि त्याच जेलमध्ये पेशी बसवल्या. २०१० साली त्यांनी उंदरांवरचे निष्कर्ष छापले: या जोडीमुळे जास्त पेशी जगल्या आणि जास्त पेशींच्या चेतापेशी झाल्या. २०१२ मध्ये सॅन डिएगोच्या मार्क तुशिन्स्की यांच्या गटाने पेशी, फायब्रिन आणि वाढीची प्रथिनं एकत्र वापरली. मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या उंदरांत नवे तंतू जखमेपलीकडे लांबवर गेले आणि पायांची हालचाल काही अंशी सुधारली.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांतली एक बातमी जपानची. केइओ विद्यापीठाने प्रयोगशाळेत घडवलेल्या स्टेम सेलपासून केलेल्या २० लाख पेशी प्रत्येकी एका रुग्णाला, अशा ४ रुग्णांना दिल्या. मार्च २०२५ मध्ये निकाल सांगितला: गंभीर अपाय नाही, दोघांत ठळक सुधारणा, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहू शकला. हे आशादायक आहे. पण रुग्ण चारच होते, दुखापत अवघ्या काही आठवड्यांची होती, आणि अशा जखमा थोड्याफार आपोआपही सुधारतात. त्यामुळे श्रेय किती पेशींचं, हे यावरून ठरत नाही.

मी या क्षेत्रात आहे म्हटलं की लोक विचारतात, "पुतण्याला अपघात झालाय, स्टेम सेलचे पाच लाख सांगितलेत, भरू का?" माझं उत्तर स्पष्ट असतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. परवानगी घेतलेल्या चाचणीतच तो देता येतो. म्हणून तीन गोष्टी विचारा. चाचणीचा देशाच्या नोंदणीपुस्तकातला, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक काय? पैसे कोण भरतंय? खऱ्या चाचणीत प्रयोगाचा खर्च रुग्णावर टाकत नाहीत. आणि नंतर किती वर्षं तपासणार?

"पेशी तुमच्याच आहेत, धोका नाही," असं कोणी म्हणालं तर २०१४ मध्ये नोंदवलेली एक केस लक्षात ठेवा. एका स्त्रीच्या पाठीत तिच्याच नाकातल्या पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी तिथे चिकट द्रव तयार करणारी गाठ निघाली.

ते पाच लाख शेत विकून उभे करू नका. फिजिओथेरपी, चांगली व्हीलचेअर, हवेची गादी, लघवीच्या संसर्गाची काळजी यांवर खर्च करा. यानेच आज जीव वाचतो. आणि उद्या उपचार खरोखर आला, तर तो घ्यायला सांधे न आखडलेलं, जखमा नसलेलं शरीर लागेल.

तुमचे प्रश्न जरूर विचारा.