आवाज कुठून येतोय?



संयोजकांनी फोन करून सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं, पण आता विषय बदलते आहे. मी माझ्या गाडीच्या कुरकुरीबद्दल बोलणार आहे. हसू नका, त्यात आपल्या वर्गाचाही संबंध आहे. तो शेवटी कळेल.

माझी गाडी आठ वर्षांची आहे. शीव स्टेशनजवळचा रेल्वेवरचा 1912 सालचा पूल 1 ऑगस्ट 2024 पासून पाडून पुन्हा बांधण्यासाठी बंद झाला. तेव्हापासून आपल्या भागात गाडी चालवणं म्हणजे मुख्यतः गाडीत बसून राहणं, हे तुम्हाला सांगायला नको. दर आठवड्याला मी आईला दादरला फिजिओथेरपीला नेते. काचा बंद, एसी चालू, आणि आत तीन आवाज. एक, दाराकडून करकर. दुसरा, स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून कुठूनतरी टक-टक. तिसरा सगळ्यात विचित्र. गाडी सिग्नलला उभी असताना पुढच्या बाजूला चुक-चुक, चुक-चुक. मागच्या सीटवरून आई म्हणायची, "अगं, ही गाडी माझ्या गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते. विकून टाक हिला."

सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. तिथे गेली की गाडी गप्प! दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणाऱ्या मुलासारखी. दोन्ही वेळा धुऊन, बिलासकट परत मिळाली.

मग माझ्यातली इंजिनिअर जागी झाली. म्हटलं, प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात वीस वर्षं घालवली, ही कुरकुर काय मोठी! आधी आवाजाची जात ठरवली. दोन वस्तू एकमेकींना घासल्या की कुरकुरतात आणि एकमेकींवर आपटल्या की खडखडतात. घासण्याचा आवाज समजून घ्यायला आपला फळा आठवा. नवा लांब खडू फळ्यावर किंचाळायचा, कारण तो सरळ घसरत नाही. क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा होतं. बाई खडू मोडून अर्धा करायच्या की किंचाळणं थांबायचं. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो, फक्त ते आपण तिकीट काढून ऐकतो. गाडीत प्लास्टिकवर प्लास्टिक किंवा पत्र्यावर रबर असंच चिकटत-सुटत असतं. एसीनं प्लास्टिक आकसलं की फटी बदलतात, म्हणून आवाजही वेळ-काळ बघून येतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या आवाज-कंपनांची तपासणी करणारा वेगळा विभागच आहे, आणि इलेक्ट्रिक गाड्यांत तर इंजिनाचा आवाज नसल्यामुळे बारीकशी कुरकुरही उघडी पडते.

रविवारी गाडी रिकामी केली. डिकीतला जॅक, पाना, छत्र्या, हातमोज्यांच्या कप्प्यातली सुटी नाणी, सगळं बाहेर काढलं. मग एकेक भाग हातानं दाबून पाहिला. दाबल्यावर आवाज थांबला तर चोर तिथेच. फटीत जुन्या व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सरकवून पाहायचा, ही युक्तीही चांगली. आईनं दाराला खोबरेल तेल लावायला सांगितलं होतं. ते मात्र करू नका. तेलावर धूळ बसते आणि पेट्रोलियमची ग्रीस रबर फुगवते. दाराच्या रबरी पट्टीला सिलिकॉनची ग्रीस लागते. ती आधी पट्टी पुसून, बोटानं पातळ लावायची. प्लास्टिकच्या फटीला फेल्टची चिकटपट्टी लावायची. आणि एक गंभीर सूचना: काचांच्या मधल्या खांबांत, जिथे एअरबॅग असते, तिथे काहीही कोंबू नका.

दाराची करकर गेली. मला मोठा आनंद झाला. त्या आनंदात उरलेल्या दोन आवाजांसाठी मी एकाच दुपारी पाच ठिकाणी पट्ट्या लावल्या. एका वेळी एकच बदल करायचा, हे ऑफिसात मी नव्या मुलांना रोज सांगते! दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी दोन्ही आवाज परत, आणि कुठल्या पट्टीनं काय झालं होतं याचा पत्ता नाही. मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. गाण्यांचा आवाज वाढवला. तसे तीन महिने काढले.

शेवटी कुणीतरी शीव-कोळीवाड्यातल्या एका गल्लीतलं गॅरेज सुचवलं. मालक गाडीखाली होता. मी तक्रार सांगायला लागले. दोनच वाक्यं झाली असतील, तोच खालून आवाज आला, "मॅडम, तुम्ही नववीत मॉनिटर होता ना?"

तो बाहेर आला, तरी मी त्याला ओळखलं नाही. त्यानं मात्र मला चेहरा न बघता ओळखलं होतं.

आपल्याच वर्गातला. दहावीला गणितात राहिला आणि मग आपल्यापैकी कुणाच्याच संपर्कात राहिला नाही. खरं तर आपण कुणी त्याच्या संपर्कात राहिलो नाही.

त्यानं गाण्यांचं बटण बंद केलं. म्हणाला, "तू चालव, मी ऐकतो. चालवणारा आणि ऐकणारा एकच असला की घोटाळा होतो." स्पीडब्रेकरवरून चार फेऱ्या मारल्या. परत आल्यावर त्यानं पुढचं चाक जॅकवर उचललं आणि वर-खाली धरून हलवलं. चाक हललं. जिथे अजिबात हलायला नको, तिथे हललं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट झिजला होता. तो सुटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. मागे आईला बसवून मी तीन महिने गाणी ऐकत गेले होते.

दोन दिवसांनी नवा पार्ट बसवून आम्ही पुन्हा फेरी मारली. टक-टक गेली होती. सिग्नलला थांबलो. चुक-चुक, चुक-चुक. मी डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. तो हसायला लागला. "तिथे नाही. खाली बघ."

माझा डावा पाय हलत होता. गुडघा मधल्या प्लास्टिकच्या पॅनेलला घासत होता. गाडी उभी असली की पाय मोकळा, म्हणून आवाज सिग्नललाच. आपले कान आवाजाची डावी-उजवी दिशा दोन्ही कानांतल्या एका मिलिसेकंदाहूनही कमी फरकावरून ठरवतात. पण वर-खाली, पुढे-मागे ठरवताना ते सहज फसतात, आणि गाडीत काचांवरून परतणारा आवाज त्यांना आणखी फसवतो. मी सगळी गाडी तपासली होती. स्वतःला तपासलं नव्हतं.

"गणित सोडवताना पण हलवायचीस," तो म्हणाला. "तुझा बाक माझ्या डेस्कला घासायचा."

मला एकदम नववीचा वर्ग दिसला. बाई येईपर्यंत शांतता राखायची, आवाज करणाऱ्यांची नावं मॉनिटरनं फळ्यावर लिहायची. माझ्या मागून रोज कुरकुर यायची आणि मी रोज त्याचं नाव लिहायचे. त्यानं दोन-चारदा सांगितलं होतं, "मी नाही." मी नाव खोडलं नव्हतं. उलट पुढे फुली मारली होती. बीजगणिताचे कितीतरी तास त्यानं वर्गाबाहेर उभं राहून काढले.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "त्यामुळे नापास झालो असं नाही हां. मला गणित यायचंच नाही. बाहेर उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचो. बस दिसायच्या आधी सांगायचो, हिचा गिअर अडकतोय." मग थोडं थांबून म्हणाला, "पण आवाज माझा नव्हता."

आजच्या कार्यक्रमाला ये म्हटलं तर तो तयार नव्हता. "तिथे सगळे डिग्रीवाले." मी म्हटलं, डिग्रीवालीला स्वतःचा गुडघा सापडला नाही, तू ये. तो आला आहे. त्याची अट एवढीच, की मी त्याचं नाव घ्यायचं नाही. म्हणाला, "फळ्यावर पुष्कळ वेळा लिहिलंस. आता पुरे."

म्हणून नाव घेत नाही. पण बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमच्या वर्गाच्या मॉनिटरनं वर्षभर चुकीचं नाव लिहिलं. तो आवाज माझ्या बाकाचा होता. आणि मित्रा, तुझी सगळ्यांसमोर माफी मागते. तेव्हा तू सांगत होतास, मी ऐकलं नाही.